डावी बाजू तुमची, उजवी माझी

मनोहरभाऊ,

तुमच्या तेरवीचे पाहुणे परतले, अंगणातला मांडव निघाला आणि मग वहिनींचा फोन आला. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ते मशीन डाव्या डब्यातून फाटून वाजून राह्यलं. घेऊन जा. अन् आता दोन्ही बाजू एकसारख्या करून द्या. तुमच्यासारखं करा नाई त त्यायच्यासारखं करा, मले काई फरक नाई पडत. पन एकदाचं ठरवा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर बराच वेळ पलंगावर तसाच बसून राहिलो. मालतीनं विचारलं काय झालं, तर बायकोलाही नीट सांगता येईना. तुम्ही गेलात हे मी तोवर कसंबसं गिळलं होतं. आता आपलं भांडणही संपवायचं, आणि तेही मी एकट्यानं, हे काही घशाखाली उतरत नव्हतं.

हे भांडण कशावरून होतं ते कुणाला सांगायला गेलं की माणसं हसतात. तुम्हालाही तो अनुभव होता. जमीन नाही, पैसा नाही, राजकारण नाही. दोन म्हातारे वर्षानुवर्षं एका अ‍ॅम्प्लिफायरवरून भांडतात, आणि तो अ‍ॅम्प्लिफायरही दोघांनी मिळूनच बांधलेला. शेजारच्या मास्तरांना मी एकदा समजावून सांगितलं होतं, ते असं. आपल्या मशीनमध्ये शेवटच्या टप्प्यात, जिथून स्पीकरला ताकद मिळते तिथे, डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन असे मोठे काचेचे व्हॉल्व्ह आहेत. गाणं थांबलेलं असलं तरी या व्हॉल्व्हमधून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो. फार कमी ठेवला तर आवाज चिरकतो, फार जास्त ठेवला तर व्हॉल्व्ह लाल होऊन मरतो. तो किती ठेवायचा हे ठरवणं म्हणजे बायस. माझी पद्धत जुनी, व्हॉल्व्हच्या खाली एक साधा रेझिस्टन्स. व्हॉल्व्हनं जास्त ओढलं की रेझिस्टन्स त्याला जरा मागे खेचतो, कमी ओढलं की सैल सोडतो. तुमची पद्धत निराळी. रेझिस्टन्सच्या जागी तीन पायांची एक काळी चिप आणि तिला जोडलेला बावीस ओहमचा तुकडा. ही चिप ठरलेला करंटच जाऊ देते, सत्तावन्न मिलिअँपिअर म्हणजे सत्तावन्न. मग व्हॉल्व्ह म्हातारा असो की कोवळा, घरातली लाइट वर जावो की खाली.

मास्तर म्हणाले, "मग यात भांडायचं काय?" त्या दिवसापासून मी त्यांना काही समजावायला गेलो नाही.

तुमचा जन्म नागभीडकडचा, धानाच्या बांध्यांमधला, म्हणजे भाताच्या खाचरांमधला. त्यामुळे तुम्ही खाणीच्या इलेक्ट्रिक खात्यात अख्खी नोकरी काढली तरी उदाहरण द्यायला तुम्हाला तिकडचा जुना मालगुजारी तलावच लागायचा. "मामा तलावाचं दार पाह्यलं का कधी? तलाव भरला असो का अर्धा असो, बांदीत पानी ठरलं तेवढंच जाते. याले म्हनतात शिस्त."

"अन् बांदीलेच जास्त लागलं त?"

"बांदीनं मागू नाई," तुम्ही म्हणायचे. एवढ्या शांतपणे म्हणायचे की माझं डोकं तिथेच फिरायचं.

आपली ओळख झाली तीही भांडणातच. वरोऱ्याच्या कबाडीवाल्याकडे बंद पडलेल्या एका टॉकीजचं सामान आलं होतं. मी नाटकमंडळीचा साउंडवाला, मला व्हॉल्व्ह हवे होते. तुम्ही माजरीहून त्याचसाठी आलेले. एका लाकडी पेटीवर आपल्या दोघांचे हात एकाच वेळी पडले. आत कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलेल्या व्हॉल्व्हच्या जोड्या होत्या. कुणीतरी शहाण्या माणसानं मोजून मापून, एकसारखा करंट घेणारे दोन-दोन निवडून त्या जोड्या लावल्या होत्या. तुम्ही म्हणालात, आधी मी हात लावला. मी म्हणालो, आधी मी पाहिली. कबाडीवाला कंटाळून म्हणाला, "वाटून घ्या ना बाबा."

मग आपण दोघं तिथेच पोत्यावर बसलो आणि फार न्यायानं वाटणी केली. प्रत्येक जोडीची सुतळी सोडायची, एक तुम्हाला, एक मला. कुणावर अन्याय नको म्हणून मापं लिहिलेले वरचे कागदही फेकून दिले. घरी पोचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्याही पडला असणार, कारण पुढच्याच रविवारी तुम्ही आपले निम्मे व्हॉल्व्ह जेवणाच्या डब्यात घालून माझ्या दारात उभे. दिवसभर आपण जोड्या जुळवत बसलो. एक जुळली असेल तर शपथ. संध्याकाळी तुम्ही कपाळाला हात लावला आणि म्हणालात, "जोड्या आपन मोडल्या. आता एकेकाले वेगळी शिस्त लावा लागन." तुमच्या त्या चिपेचं खूळ तिथून सुरू झालं. एकसारखे व्हॉल्व्ह मिळत नाहीत ना, मग प्रत्येकाच्या खाली स्वतंत्र चिप बसवायची आणि प्रत्येकाला सारखाच करंट घ्यायला लावायचा. कल्पना वाईट नव्हती. ती तुमची होती एवढीच माझी तक्रार.

निम्मे व्हॉल्व्ह तुमच्याकडे, निम्मे माझ्याकडे, तेव्हा मशीन एकत्रच बांधावं लागणार होतं. कुणाच्या पद्धतीनं, यावर पावसाळा गेला. शेवटी वहिनींनीच वैतागून तोडगा काढला, अर्धं तुमचं आणि अर्धं माझं. त्या थट्टेत बोलल्या आणि आपण दोघांनी ते खरं धरलं. डावी बाजू तुमची, चिपेवर. उजवी माझी, रेझिस्टन्सवर. जगात असं मशीन दुसरं नसेल, आणि नसावंच. चिपा तापतात म्हणून त्यांच्या पाठीला लावायला पत्रा हवा होता. तुम्ही वहिनींच्या गंजाचं, म्हणजे दुधाच्या पातेल्याचं, अ‍ॅल्युमिनियमचं झाकण कापलंत. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही, पण पुढचे कितीतरी दिवस तुमच्या घरी दुधावर ताटली झाकलेली मी पाहिली आहे.

मग आपले रविवार सुरू झाले. मी वरोऱ्याहून गाडीवर यायचो, तुम्ही ओसरीत मशीन तापत ठेवलेलं असायचं. डावीकडच्या स्पीकरच्या सागाच्या डब्याजवळ तुम्ही, उजवीकडच्या डब्याजवळ मी, आणि समोर मधोमध खुर्चीत वहिनी, निवडायला घेतलेली भाजी मांडीवर. तुम्हाला बासरी लागायची, एकतारीवरची भजनं लागायची. मला माझ्या नाटकांच्या टेपा. तुम्ही म्हणायचे, चिपेवर बघा कसा मध टपकतो. मी म्हणायचो, मध टपकतो पण ढोलकी कडाडली की तुमच्या व्हॉल्व्हला घटकाभर जास्त करंट लागतो, तुमची कंजूष चिप तो देत नाही, मग तिच्या बाजूचा कपॅसिटर भरत जातो, बायस सरकतो, आणि मोठा आवाज थांबला तरी व्हॉल्व्ह अर्धवट झोपेतच राहतो. पुढचं हळू वाक्य खरखरत येतं.

"काई सरकत नाई," तुम्ही म्हणायचे. "काटा एका जागी उभा राह्यते."

"लावा मीटर. आत्ता लावा."

"लावू ना. चहा त घ्या."

चहा व्हायचा, भजी व्हायची, आणि मीटर काढायची वेळ आली की वहिनी बाहेर डोकावून म्हणायच्या, "निघा जी आता. ढिगाऱ्याकडं वाघ दिसून राह्यला म्हनतात." खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर झुडपं माजली आहेत, आणि तिथे खरंच वाघ असतो, हे काही आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. मी गाडीला किक मारायचो. तुम्ही फाटकापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "पुढच्या रविवारी लावू, पक्कं." एवढ्या वर्षांत तो मीटर कधी लागला नाही. मला वाटायचं, बिचारे घाबरतात.

आज बसून आठवलं की तुमचं ऋण जास्त निघतं, माझं कमी. आरमोरीच्या पुढच्या त्या गावातला प्रयोग आठवतो का? तुम्हाला झाडीपट्टीचं नाटक पाहायचं होतं म्हणून मी एसटीनं बोलावून घेतलं. संध्याकाळी मांडवात आवाजाची तपासणी चालू होती, बैलबंड्या येऊन लागत होत्या, आणि तुम्ही रंगमंचाकडे पाठ करून माझ्या मशीनकडे तोंड करून बसलात. लोकांना वाटलं, पाहुणा रुसला. नालवाल्यानं दोन थापा दिल्या आणि तुम्ही व्हॉल्व्हजवळ तळहात नेऊन म्हणालात, "हा वाल थकला आहे. याची धग कमी आहे." मी म्हणालो, नाटकाच्या तोंडावर अपशकुन करू नका. तुम्ही खिशातून पायमोजा काढला. पायमोज्यात व्हॉल्व्ह होता, आपल्याच वाटणीतला, तुमच्या वाट्याचा. बदलला. जुना काढून ठोकून पाहिला तर आत काहीतरी खुळखुळत होतं. तो दुसऱ्या अंकापर्यंत टिकला नसता. त्या प्रयोगाला गावानं माझी फार वाखाणणी केली आणि मी ती सगळी ठेवून घेतली. तुम्हाला आभार मानलेले चालत नसत हे खरं, पण मीही मानले नाहीत. आज मानतो.

आणखी एक गोष्ट बोलायची राहिली. एका उन्हाळी रविवारी बासरी लागली होती आणि लाइट एकदम खाली गेली. पंखा मरगळला, दिवा पिवळा झाला. माझ्या उजव्या बाजूचा जीव गेला, आवाज पातळ झाला, आणि तुमची डावी बाजू होती तशीच, ठाम. एकाच बासरीतला अर्धा माणूस थकला आणि अर्धा गात राहिला. मला ते स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी ताटलीतलं भजं उचललं. तुम्ही फक्त वहिनींना म्हणालात, अखीन भजी आना. जिंकलेला माणूस इतका गप्प कसा राहू शकतो, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. मी असतो तर अख्ख्या माजरीला सांगत फिरलो असतो.

चंद्रपूरच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी उगाच इकडचं तिकडचं बोलत होतो. तुम्ही बोटानं जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "यंदा मीटर लावूच. पक्कं." मी म्हणालो, आधी बरे तर व्हा. तुम्ही हसलात. मला तेव्हा ते हसू नेहमीचंच वाटलं, माणूस धीर द्यायला हसतो तसं. मी तुमचा पाय दाबत बसलो आणि मनात म्हणालो, आता मीटर नको, भाऊ, तुम्हीच बरोबर, फक्त घरी चला. हे मोठ्यानं म्हणायला हवं होतं. पण तुम्हाला ते आवडलं नसतं, असंही वाटतं. खाटेवर पडलेल्या माणसाला कुणी वाद बक्षीस म्हणून देत नाही.

तर मशीन आणलं. वहिनींनी जुन्या सतरंजीत गुंडाळून, माझ्या गाडीला सुतळीनं बांधून दिलं, आणि मी सबंध रस्ता बैलबंडीच्या चालीनं आलो. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी टेबलावर उलटं केलं. तुमचं काम पाहून नेहमीसारखीच असूया वाटली. एक वायर दुसरीवर चढलेली नाही, सोल्डरचे डाग कसे थेंबासारखे गोल. माझी उजवी बाजू शेजारी अशी दिसते जणू घाईत बाजार बांधून आणलाय.

आवाज का फाटत होता ते लगेच सापडलं. डावीकडच्या दोन चिपांपैकी एक मेली होती, त्यामुळे एक व्हॉल्व्ह थंड आणि दुसरा एकटा ओढत होता. पण ती मेली कशी, हे कोडं होतं. ही चिप चाळीस व्होल्टच्या वर ताण सोसत नाही, आणि तुमच्या बासरीनं तिथे चाळीस व्होल्ट जन्मात आले नसते. दांडगा आवाज बराच वेळ झोडला तरच एवढं होईल. तुमच्या घरात दांडगा आवाज कोण लावणार? वहिनींना फोन केला. म्हणाल्या, "तेच लावत होते जी. दवाखान्यात जायच्या आधी रोज दुपारी तुमच्या नाटकाची टेप. तो राक्षसासारखा हसते ना, तेच तेच, परत परत. मी म्हनलं, तुमाले तर आवडत नोहती. त म्हने, आवडत नाईच, पन काम आहे."

मी नवी चिप बसवली. मग म्हटलं, आता कुणी अडवणारं नाही, आता मीटर लावू. तुमच्या देखत नाही तर तुमच्या मागे, पण वहिनींना उत्तर तर द्यायचं आहे. मीटरची टोकं धरायला जागा शोधू लागलो तर जागा तयारच होती. व्हॉल्व्हच्या पायापासून दोन बारीक वायरी निघून ट्रान्सफॉर्मरच्या मागे गेल्या होत्या, आणि त्यांच्या टोकांवर सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे चढवलेले. मी फार विचार केला नाही. रबर मागे सरकवलं, मीटरच्या चिमट्या लावल्या, माझ्याच नाटकाची टेप लावली आणि आवाज चढवला.

काटा अठ्ठावीस व्होल्टवर होता. ढोलकी सुरू झाली तसा तिसाकडे निघाला. खलनायक आला, हसला, आणि काटा तेहेतीस, पस्तीस असा चढत गेला. तो हसायचा थांबला, नायिकेचं हळू रडं सुरू झालं, आणि काटा वरच. हळूहळू, पाय ओढत उतरला. तोवर ते रडं खरखरत निघून गेलं होतं. अगदी मी सांगत होतो तसंच, शब्दाला शब्द.

भाऊ, मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "पाहा! पाहा आता!" आणि वळलो. मागे खुंटीवर माझा सदरा होता.

त्यानंतर मी ती टेप बंद केली आणि बसलो. जिंकल्यावर माणसानं काय करायचं असतं ते मला आठवेना. समोर त्या दोन वायरी होत्या. रबराचे तुकडे कडक झालेले, पिवळे पडलेले, बोटानं दाबले तर चिरत होते. वायरींची टोकं मात्र चिमट्यांनी घासून घासून चकचकीत. मग कपॅसिटरचे डाग नीट पाहिले. एकाच जागी तीनतीनदा डाग दिलेला, जुना काढून नवा, तो काढून आणखी निराळा. मोठा लावून पाहिलात, लहान लावून पाहिलात. काटा कसा सरकतो ते तुम्ही पाहत होतात. अलीकडे नाही, कित्येक वर्षांपासून. दर रविवारी मी फाटकाबाहेर पडलो की तुम्ही मीटर काढत असाल, आणि पुढच्या रविवारी सरळ चेहऱ्यानं सांगत असाल, काटा एका जागी उभा राहतो.

लबाड माणूस! मला खरोखर राग आला. मी टेबलावर हात आपटला, मालती स्वयंपाकघरातून धावत आली. एवढी वर्षं मी घसा कोरडा करत होतो आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मालतीला वायरी दाखवल्या, सगळं सांगितलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मंग सांगतलं काऊन नाई त्यायनं?" मी म्हणालो, हार मानवत नसेल. ती म्हणाली, "सांगतलं असतं त तुमी गेले असते का दर रविवारी?"

मी गेलो असतो. असं मी तिला ठणकावून सांगितलं. ती आत गेल्यावर मात्र वाटलं, कशाला गेलो असतो? तुमच्या तब्येतीची विचारपूस करायला, सणासुदीला, लग्नाची पत्रिका द्यायला. जसा इतर ओळखीच्यांकडे जातो तसा, वर्षातून दोनदा. हरायला तुमची हरकत नव्हती, भाऊ. रविवार जायला होती. मग मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. तुम्हाला खांदा दिला तेव्हा आलं नव्हतं.

नंतर बराच वेळ दोन रेझिस्टन्स हातात घेऊन बसलो होतो. तुमच्या चिपा काढायच्या आणि हे लावायचे, अर्ध्या तासाचं काम. मशीन दोन्हीकडून एकसारखं वाजेल, वहिनींना हवं तसं, आणि माझं बरोबर ठरेल. किंवा उजवीकडेही चिपाच लावायच्या. घरात बासरीच वाजणार, लाइट खालीवर होणार, तिथे तुमचंच बरोबर आहे, आणि श्रद्धांजली म्हणून ते शोभलंही असतं. दोन्ही करून पाहिलं मनात. दोन्हींत मशीन चांगलं वाजत होतं आणि दोन्हींत माझा रविवार रिकामा होता. रेझिस्टन्स परत डबीत टाकले. वायरींना नवं रबर चढवलं आणि मशीन होतं तसं बंद केलं.

काल ते माजरीला पोचतं केलं. ओसरीत जागेवर ठेवलं, जोडलं, तापू दिलं, बासरी लावली. डाव्या डब्यातून स्वच्छ आवाज आला. वहिनी त्यांच्या मधल्या खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होत्या. तुमच्या जागेवर कुणी नव्हतं आणि तिकडे मला पाहवत नव्हतं. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मंग? कोनाचं ठरलं?"

रस्ताभर मी उत्तर घोटून ठेवलं होतं, तरी जीभ अडखळली. "नाई ठरलं, वैनी. दोन्ही बाजू होत्या तशाच ठेवल्या. अखीन ऐका लागन."

"मीटर लावला का नाई?"

"नाई जी. मीटरचा सेल गेला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मी चहाची बशी उगाच इकडची तिकडे केली. मग म्हणाल्या, "तुमी गेल्यावर मी त्यायले दर वेळी विचारत होती, ठरलं का म्हनून. तेबी असेच खाली मान घालून सांगत, नाई ठरलं."

त्या उठल्या. भाजीची टोपली उचलली, मधली खुर्ची ओढत डावीकडच्या डब्याजवळ नेली आणि तिथे बसून पालक निवडायला घेतला. वर न पाहता म्हणाल्या, "या मंग रविवारी. मालतीले बी आना. त्यायच्याकडून आता मी भांडीन."